सीएसएमटीला फलाटाचं काम: जाताना गाडी दादरलाच संपणार, परतीची पनवेलहून सुटणार, तिकिटाचं काय करायचं?

कुडाळ_पिंगुळी

आई-बाबांचं कुडाळ ते सीएसएमटी असं जनशताब्दीचं (१२०५२) ई-तिकीट आहे, सेकंड सीटिंग. परतीचं मांडवीचं (१०१०३), सीएसएमटी ते कुडाळ, स्लीपर. काल मोबाइलवर मेसेज आला की सीएसएमटीला फलाटाचं काम असल्यामुळे त्या दिवशीची जनशताब्दी दादरपर्यंतच धावेल. मांडवीचा मेसेज आलेला नाही, पण त्या तारखेला ती पनवेलहून सुटणार असं स्टेशनवर सांगतात.

जायचंय लालबागला. दोघंही सत्तरीच्या पुढचे. दोन बॅगा आणि आंब्याची पाच डझनी पेटी बरोबर आहे.

तिकीट रद्द करून दुसऱ्या गाडीचं काढू का? दादरहून पुढे त्याच तिकिटावर लोकलने गेलं तर चालतं का? मांडवीला सीएसएमटीऐवजी पनवेलला चढले तर जागा राहील, की टीटीई दुसऱ्याला देईल? आणि जो प्रवास होणारच नाही त्याचे पैसे परत मिळतात का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

फलाट_आणि_रूळ

पहिलं म्हणजे तिकीट रद्द करू नका. तुमची जनशताब्दी रद्द झालेली नाही, अंशतः रद्द झाली आहे. मडगाव ते दादर ती नेहमीसारखी येईल, दादर ते सीएसएमटी हा शेवटचा ९ किलोमीटरचा तुकडा तेवढा गळेल. अशा वेळी घाईघाईत आयआरसीटीसीवर जाऊन 'कॅन्सल' दाबलं की ते तिकीट तुम्ही स्वतःहून रद्द केलं असं धरलं जातं आणि नेहमीची कपात होते. वर मे महिन्यात कोकणातून मुंबईला यायचं दुसरं कन्फर्म तिकीट मिळणार कुठून? हातातली जागा सोडू नका.

लालबागसाठी तर सीएसएमटीपेक्षा दादरच जवळ. दादर पूर्वेला उतरून टॅक्सीने डॉ. आंबेडकर रोड धरायचा. हिंदमाता, परळ, मग लालबाग, रस्ता सरळ आहे. सीएसएमटीला उतरले असते तर उलट मागे यावं लागलं असतं.

दादरला मात्र दोन गोष्टी सांभाळा.

एक, फलाटांचे नंबर. ९ डिसेंबर २०२३ पासून दादरचे फलाट सलग नंबरांचे झालेत. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. त्याआधी दोन्ही रेल्वेंचे फलाट एकापासून सुरू व्हायचे. घ्यायला येणारा माणूस जुन्या सवयीने "पाच नंबरवर उभा राहतो" म्हणाला तर आता तो पश्चिम रेल्वेवर उभा असेल आणि आई-बाबा पार दुसऱ्या टोकाला. लांब पल्ल्याच्या गाड्या पूर्वेकडच्या फलाटांवर लागतात. फलाट नंबरावर भिस्त ठेवू नका. डब्याचा नंबर सांगून ठेवा आणि "डब्याच्या दारासमोर थांबा, हलू नका" एवढंच ठरवा.

दुसरी, वेळ. जनशताब्दी दादरला यायला रात्रीचे अकरा वाजून जातात, आणि ब्लॉकच्या, म्हणजे कामासाठी रूळ बंद ठेवायच्या, दिवसात ठाण्यापुढे गाडी रखडणं नवीन नाही. बारा वाजतील असंच धरून चाला. त्या वेळी सत्तरीच्या माणसांनी पेटी घेऊन पुलावरून लोकलच्या फलाटावर जायचा विचारही करू नये. पाच डझनाची पेटी म्हणजे पाव किलोचं फळ धरलं तर १५ किलो आंबाच, वर खोक्याचं वजन वेगळं. हमाल करा, पूर्वेला बाहेर काढा, टॅक्सी.

गाडी दादरलाच संपणार असल्यामुळे एक फायदा आहे. तिथे ती दोन मिनिटांत सुटत नाही. ठाणे सुटल्या सुटल्या दारात गर्दी करायची गरज नाही. सगळे उतरू देत, मग सावकाश उतरा.

लोकलबद्दल: तुमचं आरक्षित तिकीट त्या गाडीचं आणि त्या डब्याचं आहे. "हेच तिकीट पुढे लोकलला चालेल" अशी घोषणा रेल्वेने स्वतः केली असेल तरच त्यावर लोकलमध्ये बसा, नाहीतर वेगळं तिकीट काढा. दादर-सीएसएमटी सेकंड क्लासचं ५ रुपये आहे, त्यासाठी तपासनीसाशी वाद नको. मोबाइलवरचं कागदविरहित तिकीट रुळांजवळ, फलाटावर उभं राहून निघत नाही, म्हणून ज्यांना लोकलनेच जायचंय त्यांनी खिडकी किंवा एटीव्हीएम (तिकिटाचं यंत्र) गाठावं.

आता मांडवी. इथे खरं काम आहे. "स्टेशनवर सांगतात" यावर विसंबू नका. एनटीईएसवर (गाडी कुठे आहे ते दाखवणारी रेल्वेची साइट आणि ॲप) रद्द, वेळ बदललेल्या आणि मार्ग बदललेल्या गाड्यांची वेगळी यादी असते. अंशतः रद्द गाड्याही तिथे दिसतात. नाहीतर १३९ ला फोन करून गाडी नंबर आणि तारीख सांगा. आणि जोडगाडी बघायला विसरू नका. मांडवी आणि कोकणकन्या यांचे डबे एकमेकांत फिरतात. पहाटे मुंबईत आलेली कोकणकन्या थोड्या वेळाने मांडवी होऊन परत निघते. म्हणजे त्या दिवशी मुंबईत पोचणारी कोकणकन्या पनवेललाच संपवणार असं रेल्वेच्या पत्रकात असेल, तर मांडवी पनवेलहूनच सुटणार हे जवळजवळ नक्की. कोकणकन्या सीएसएमटीपर्यंत येणार असेल तर स्टेशनवरची ती बातमी पुन्हा पडताळून घ्या.

तिकीटखिडकी

वरच्या उत्तरात पैशांचा भाग राहिला, तो मी लिहितो. इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात.

गाडी पूर्ण रद्द झाली तर ई-तिकिटाला काहीच करावं लागत नाही, पूर्ण पैसे आपोआप खात्यात येतात. खिडकीवर काढलेलं तिकीट असेल तर ते ठरलेल्या मुदतीत खिडकीवर जमा करावं लागतं, ते आपोआप होत नाही.

गाडी अंशतः रद्द असेल तर आपोआप काही होत नाही, ई-तिकिटालाही नाही. टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरावा लागतो. त्यात तुमच्या कामाची कारणं दोन. तुमच्या चढायच्या स्टेशनावर गाडी येतच नाही आणि तुम्हाला प्रवास करायचा नाही, तर चढायच्या स्टेशनाच्या ठरलेल्या सुटण्याच्या वेळेपासून ७२ तासांत टीडीआर. गाडी तुमच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत गेली नाही, तर तिथे पोचायच्या ठरलेल्या वेळेपासून ७२ तासांत. घड्याळ गाडी प्रत्यक्ष कधी आली यावर चालत नाही, वेळापत्रकावर चालतं. तीन तासांपेक्षा जास्त उशीर असल्यामुळे प्रवास सोडायचा असेल तर मात्र नियम वेगळा: गाडी तुमच्या स्टेशनातून प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर भरलेला असला पाहिजे. ही कारणं एकमेकांत मिसळली की दावा फेटाळला जातो. यादीतलं कारण नीट वाचून निवडा, "काहीतरी टाकू" नको.

दादर-सीएसएमटीच्या पैशांचं खरं सांगायचं तर त्यात हाताला फारसं लागत नाही. मेल-एक्सप्रेसचं भाडं किलोमीटरला किलोमीटर वाढत नाही, टप्प्यांत वाढतं आणि लांबच्या अंतराला टप्पे मोठे असतात. कुडाळहून दादर आणि कुडाळहून सीएसएमटी हे बऱ्याचदा एकाच टप्प्यात बसतात, मग फरक शून्य. शिवाय कोकण रेल्वेच्या हद्दीत प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरतात, म्हणजे तुमच्या भाड्याचा मोठा भाग रोह्याच्या अलीकडेच, कोकणात संपलेला असतो. गळलेले ९ किलोमीटर साध्या दराचे. त्यासाठी टीडीआर भरायचा तर भरा, हक्क आहेच, पण हिशोब आधी मांडून बघा. गाडी पनवेलला किंवा ठाण्याला संपली तर फरक थोडा वाढतो.

मांडवीचं बोर्डिंग: चार्ट (प्रवाशांची अंतिम यादी) लागण्याआधी बोर्डिंग, म्हणजे चढायचं, स्टेशन सीएसएमटीऐवजी पनवेल करून घ्या. आयआरसीटीसीवर 'चेंज बोर्डिंग पॉइंट' म्हणून पर्याय असतो, ज्या खात्यातून तिकीट काढलं त्यातूनच होतं. खिडकीच्या तिकिटालाही ऑनलाइन बदलता येतं, पण तिकीट काढताना दिलेला मोबाइल जवळ हवा, ओटीपी त्यावर येतो. हे केलंत की तुमचं नाव पनवेलच्या यादीत येतं आणि जागेचा प्रश्न मिटतो. गाडी पनवेलहूनच सुटणार असेल तर तसं न करताही जागा मिळायला हवी, पण म्हाताऱ्या माणसांना दारात उभं करून टीटीईला मेसेज दाखवत बसायची वेळ कशाला आणायची.

दोन सूचना यातच लक्षात ठेवा. बोर्डिंग बदललं की आधीच्या स्टेशनावरून चढायचा हक्क जातो. समजा काम लवकर आटोपलं आणि मांडवी सीएसएमटीहून सुटली, तरी तुम्हाला पनवेललाच जावं लागेल. आणि स्वतः बोर्डिंग बदलल्यावर सोडलेल्या टप्प्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणून प्रवासच सोडायचा विचार असेल तर आधी तो निर्णय घ्या, मग बोर्डिंगला हात लावा.

दिवा_सावंतवाडी

लालबागहून पनवेलला सकाळी पोचायचं कसं, ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मांडवी सीएसएमटीहून ७:१० ला सुटते आणि पनवेलला सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास येते. पनवेलहून सुटतानाही तिथली नेहमीचीच वेळ ठेवतात, पण खात्री करून घ्या.

करी रोड किंवा चिंचपोकळीहून निघू नका. त्या मेन लाइनवर आहेत, कुर्ल्याला उतरून हार्बरला पूल चढावा लागतो. लालबागहून टॅक्सीने कॉटन ग्रीन गाठा, ते हार्बरवर आहे. तिथून पनवेल लोकल थेट. सीएसएमटी-पनवेल लोकलला साधारण ८० मिनिटं लागतात, कॉटन ग्रीनपासून दहा-बारा मिनिटं कमी. सहाच्या सुमाराची लोकल धरलीत तर सव्वासातच्या आत पनवेल, तासभर हातात राहतो. सकाळी मुंबईतून बाहेर जाणाऱ्या गाडीला गर्दी कमी, सामानाला जागा मिळते. परतताना पेटी नसेलच, हे बरं.

पनवेलला लोकलचे फलाट आणि लांबच्या गाड्यांचे फलाट वेगळे आहेत, मधे पूल आहे. शेवटच्या दहा मिनिटांत तो पार करायचा बेत ठेवू नका.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर लालबागहून शिवडी अगदी जवळ आहे, तिथून अटल सेतू. टॅक्सीने सकाळी झटकन पनवेल. टोल वेगळा धरा. दोन ज्येष्ठ आणि दोन बॅगा असतील तर मी हाच मार्ग सुचवीन.

आणि रविवार असेल तर हार्बरचा मेगाब्लॉक बघा. तो साधारण अकरा ते चार असतो, म्हणजे मांडवीला अडचण नाही. पण जे दुपारच्या गाडीने पनवेलहून जाणार किंवा दिवसा पनवेलला उतरून लोकलने मुंबई गाठणार, त्यांची पनवेल-वाशी मधली लोकलच बंद असते. स्टेशनच्या कामाचा ब्लॉक आणि रविवारचा ब्लॉक ही दोन वेगळी पत्रकं आहेत. लोक एकच वाचतात.

कुडाळ_पिंगुळी

मनापासून आभार. बोर्डिंग बदलून घेतो. पण आता तारखेचा घोळ झालाय. पत्रकात लिहिलंय की गाडी "प्रवास प्रारंभ दिनांक" अमुक ते अमुक. ही तारीख म्हणजे आपल्या तिकिटावरचीच ना? धाकटा भाऊ नेत्रावतीने कुडाळहून येणार आहे, त्याचं कळेना.

फलाट_आणि_रूळ

बरं विचारलंत. यात भलेभले फसतात. प्रारंभ दिनांक म्हणजे गाडी तिच्या पहिल्या स्टेशनावरून जेव्हा निघते ती तारीख. तुमच्या चढण्याची नव्हे.

जनशताब्दी आणि मांडवी त्याच दिवशी निघून त्याच दिवशी पोचतात, म्हणून तिथे दोन्ही तारखा एकच. नेत्रावती (१६३४६) तिरुवनंतपुरमहून सकाळी निघते आणि कुडाळला दुसऱ्या दिवशी येते. भावाच्या तिकिटावर १५ तारीख असेल तर पत्रकात १४ तारखेची नेत्रावती शोधायची. पत्रकात "१५ प्रारंभ" असेल तर ती गाडी कुडाळला १६ ला येणार, भावाचा तिच्याशी संबंध नाही. हाच घोळ रात्रीच्या गाड्यांना मध्यरात्रीनंतर चढणाऱ्यांचा होतो. कोकणकन्या मडगावहून संध्याकाळी एका तारखेला निघते, पण बारा वाजून गेल्यावर तुमच्या स्टेशनात आली तर तुमच्या तिकिटावर पुढची तारीख असते.

शिवाय नेत्रावती सीएसएमटीला जातच नाही, ती लोकमान्य टिळक टर्मिनसला संपते. सीएसएमटीच्या फलाटाच्या कामात तिचं नाव सहसा नसतं. उशीर मात्र तिलाही होऊ शकतो, कारण मागे थांबलेल्या गाड्या याच रुळांवर असतात. भावाने पत्रकात आपली गाडी नाही म्हणून निर्धास्त राहू नये, निघण्याआधी गाडी कुठवर आलीय ते बघावं.

आचरा_तिठा

एक शंका. फलाट लांब करायचा म्हणजे पुढे सिमेंटचं काम. त्यासाठी रुळावरच्या गाड्या दादर-पनवेलला का थांबवतात? एक फलाट बंद ठेवून बाकीचे चालू ठेवता येत नाहीत का?

फलाट_आणि_रूळ

सिमेंटचं काम हा त्यातला सोपा भाग.

आपल्या गाडीचं माप घ्या. एलएचबीचा, म्हणजे नव्या बनावटीचा, एक डबा जवळजवळ २४ मीटर. २२ डब्यांची गाडी ५२८ मीटर, वर इंजिनाचे वीसेक मीटर. २४ डब्यांची केली तर इंजिन धरून ६०० मीटरच्या जवळ. सीएसएमटीचे १० आणि ११ नंबरचे फलाट एवढ्या लांबीचे नव्हते, २४ डब्यांच्या गाड्या घेता याव्यात म्हणून ते लांबवले. पण फलाट पुढे सरकवला की त्याच्या तोंडाशी जे रुळांचे सांधे असतात, जिथे एका रुळावरून दुसऱ्यावर गाडी वळते, ते तिथे राहू शकत नाहीत. तेही पुढे हलवावे लागतात. सांधे हलले की सिग्नल हलले, वरच्या विजेच्या तारा आणि खांब हलले. आणि सांधा व सिग्नल यांना एकमेकांशी बांधणारी यंत्रणा, म्हणजे इंटरलॉकिंग, नव्याने बसवावी लागते. चुकीच्या रुळावर हिरवा सिग्नल पडूच शकत नाही, ही हमी इंटरलॉकिंग देतं. ते बदलायचं तर काही तास किंवा दिवस ते सोडवून ठेवावं लागतं. यालाच नॉन-इंटरलॉकिंग म्हणतात.

त्या काळात सांधे केबिनमधल्या बटणावर फिरत नाहीत. माणूस रुळावर जाऊन सांधा हाताने फिरवतो, क्लॅम्प लावतो, कुलूप घालतो, मग गाडी पुढे येते, तीही ताशी १५ किलोमीटरने. एरवी मिनिटांत होणारं काम किती लांबतं याचा अंदाज करा. लोकल गच्च धावणाऱ्या स्टेशनात हे करायचं म्हणजे गाड्यांची संख्या कमी करण्यावाचून मार्ग नाही.

आता आपल्याच गाड्या का? कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत आणि पुढे दिव्याकडे लांबच्या गाड्यांना पाचवा-सहावा रूळ आहे. ठाणे-दिवा टप्पा फेब्रुवारी २०२२ मध्ये ७२ तासांचा ब्लॉक घेऊन पुरा केला. पण सीएसएमटी-कुर्ला पाचवा-सहावा अजून नाही. त्यामुळे कुर्ल्यापुढे आपली गाडी जलद लोकलच्या रुळावर शिरते. पुढे फलाट अडला की ती मधेच उभी राहते आणि मागच्या लोकल तुंबतात. म्हणून ती दादरला किंवा त्याआधीच सोडतात. याआधी सीएसएमटीच्या कामात मंगळुरूची गाडी (१२१३४) ठाण्याला आणि तेजस, जनशताब्दी दादरला संपवल्या होत्या, त्यामागे हाच हिशोब.

३१ मे ते २ जून २०२४ चा ब्लॉक तर दुहेरी होता. ठाण्याला ५ आणि ६ नंबरचा फलाट रुंद करायला ६३ तास आणि सीएसएमटीला १० आणि ११ साठी ३६ तास. ठाण्याला फलाट रुंद करायचा म्हणजे आधी रूळच बाजूला सरकवायचा, मग मोकळ्या जागेत आधीच ओतून आणलेले काँक्रीटचे ठोकळे क्रेनने मांडायचे. ठोकळे जागेवर ओतत बसले असते तर ६३ तासांत भागलं नसतं.

गैरसोय होते, आणि त्यात कोकणचा प्रवासी जास्त भरडला जातो, कारण त्याच्याकडे दुसरी गाडी नसते. पण सांधा कुलूपबंद केल्याशिवाय त्यावर गाडी घालू नये, यात तडजोड नको. आपलीच माणसं त्या डब्यात असतात.

दिवा_सावंतवाडी

यात भर. मंगळुरू गाडीसारखी गाडी ठाण्याला संपली तर ठाण्यात नीट बघून उतरा. डोंबिवली-कल्याणवाल्यांना तेच सोयीचं, तिथून कल्याणकडची लोकल. वाशी-नेरूळवाल्यांनी ठाण्यापर्यंत यायचंच नाही, पनवेललाच उतरून हार्बर धरावी. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल ९-१० नंबरच्या फलाटांकडून सुटते, तीही चालेल, पण तो उलटा फेरा. अंधेरी-गोरेगावला जाणाऱ्यांनी पनवेलहून गोरेगावची थेट लोकल आहे का बघावं, नाहीतर वडाळा रोडला बदल.

पहाटे उतरणाऱ्यांनी सुरुवातीच्या लोकलची आणि मध्यरात्री उतरणाऱ्यांनी शेवटच्या लोकलची वेळ निघण्याआधी लिहून घ्या. तेजस आणि जनशताब्दी उशिरा आल्या की शेवटची लोकल गेलेली असते. मग पनवेलला संपलेल्या गाडीतल्या सगळ्यांना एकाच वेळी रिक्षा-टॅक्सी हवी असते आणि भाव बोलतील तो. घ्यायला येणारी गाडी आधी ठरवा.

आणि एक कळकळीचं. तात्पुरता बदल तात्पुरताच राहतो ना, यावर प्रवाशांनी डोळा ठेवायला हवा. रत्नागिरीची पॅसेंजर पूर्वी दादरपर्यंत यायची, कोरोनानंतर ती दिव्यालाच थांबू लागली. दिव्याला उतरून भरलेल्या लोकलमध्ये पोतं आणि मुलं घेऊन चढणं काय असतं ते दिव्याच्या पुलावर संध्याकाळी उभं राहिलं की दिसतं. म्हणून पत्रकात "पर्यंत" ही तारीख आहे का, तेवढं दर वेळी बघा. ती तारीख उलटूनही गाडी अलीकडेच थांबत असेल तर तारीख आणि गाडी नंबर लिहून लेखी तक्रार करा. तोंडी सांगितलेलं कुठे नोंदलं जात नाही.

तिकीटखिडकी

माझ्या उत्तरात थोडी दुरुस्ती. मी दोन्ही तिकिटांबद्दल एकत्र लिहिलं त्यामुळे गोंधळ होऊ शकतो. जनशताब्दीच्या तिकिटाला काहीही करू नका, ना बोर्डिंग बदल, ना कॅन्सल. कुडाळला चढणं नेहमीसारखं आहे. बदल फक्त मांडवीच्या तिकिटात.

जाणं आणि येणं ही दोन वेगळी पीएनआर आहेत. एकाचा मेसेज आला म्हणजे दुसऱ्याचाही येईल असं नाही. मेसेज तिकीट काढताना दिलेल्या नंबरावर जातो. एजंटाकडून तिकीट काढलं असेल आणि त्याने स्वतःचाच नंबर घातला असेल, तर तुम्हाला काही कळणार नाही. अशांनी दोन दिवस आधीपासून रोज पीएनआर तपासावा.

कुडाळ_पिंगुळी

मांडवीचा मेसेजही आत्ता आला, पनवेलहूनच सुटणार. बोर्डिंग बदललं, पनवेल दिसतंय. शेवटचं विचारतो. पनवेलला गाडी उलटी लागते का? म्हणजे डब्यांचा क्रम बदलतो का? आई-बाबांना फलाटावर पळापळ नको.

फलाट_आणि_रूळ

नाही बदलत. सीएसएमटीहून आली असती तरी मांडवी पनवेलला याच तोंडाने उभी राहिली असती. सीएसएमटी ते पनवेल मधे गाडी कुठे उलटत नाही. पहाटे कोकणकन्या म्हणून आलेली गाडी पनवेलला थांबेल, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतील, डबे जागचे हलणार नाहीत. म्हणजे नेहमीचा क्रम धरून चाला.

क्रम उलटतो तो गाडी वेगळ्या मार्गाने वळवली तर. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं तेव्हा काही गाड्या मडगावहून लोंढा, मिरज, पुणे अशा फिरवल्या. तशा फेऱ्यात कुठे इंजिनाचं टोक बदललं की मागचे डबे पुढे येतात. तुमच्या गाडीला ते लागू नाही.

फलाटावरचे डब्यांचे फलक मात्र ब्लॉकच्या दिवसात उशिरा लागतात किंवा चुकतात. फलकावर न जाता पूल उतरल्यावर हमालाला डबा नंबर सांगा, त्याला बरोबर ठाऊक असतं. गाडी तिथूनच सुटणार असल्यामुळे थोडी आधी लागेल. पनवेलला डबे धुणं आणि पाणी भरणं घाईत उरकतात, तेव्हा बसल्यावर आधी नळाला पाणी आहे का बघा. नसेल तर गाडी उभी असतानाच १३९ वर डबा नंबर देऊन तक्रार नोंदवा. सुटल्यावर पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंत काही होत नाही. आणि प्यायचं पाणी घरूनच.

मालवण_देवबाग

आंब्याच्या पेटीला सुतळीचा आडवा-उभा फास मारून वर हाताला धरायला गाठ ठेवा, हमालाक उचलूक बरा पडता. आणि आई-बाबांका दादराच्या पुलार चढवू नकात, पूर्वेकडसूनच भायर काढा.